नंबर कोणाचा?

रांग ही माणसाने घडविलेली अत्यंत साधी अशी नीतिसंस्था आहे. तिला लिखित घटना नाही, न्यायाधीश नाही, बहुधा पोलीसही नाही. तरीही रेशनच्या दुकानापुढे, सरकारी दवाखान्यात, बँकेत आणि देवळाच्या दर्शनबारीत परस्परांना न ओळखणारी माणसे एकामागे एक उभी राहतात आणि ‘जो आधी आला त्याचा आधी हक्क’ हे तत्त्व मुकाट्याने मान्य करतात. मध्येच घुसणाऱ्याला सारी रांग एकमुखाने हटकते, ते केवळ आपली पाच मिनिटे वाचावीत म्हणून नव्हे. रांगेत धनाला, जातीला, ओळखीपाळखीला स्थान नसावे अशी सर्वांचीच श्रद्धा असते आणि घुसणारा त्या श्रद्धेवरच घाव घालीत असतो.

परंतु रांगेविरुद्ध दुसरीही एक तक्रार आहे आणि ती खोटी नाही. रांग वेळ खाते. पुण्या-मुंबईत मोबाईलवरून वाहन बोलावण्याची रीत आता लोकांच्या अंगवळणी पडली आहे, ती या तक्रारीतूनच. तेथे रांग डोळ्यांना दिसत नाही. कोणते वाहन कोणत्या प्रवाशाच्या सर्वांत जवळ आहे हे यंत्र क्षणार्धात शोधते आणि दोघांची गाठ घालून देते. वेळ वाचतो, इंधन वाचते. मग ‘आधी आला त्याचा आधी हक्क’ या जुन्या तत्त्वाचे काय करायचे? कार्यक्षमता आणि न्याय यांपैकी एकाचीच निवड करणे भाग आहे काय? हा प्रश्न महानगरांचा वाटतो खरा. पण आम्ही तो माहूरसारख्या ठिकाणाहून पाहू इच्छितो, कारण तेथे तो यंत्राच्या आड न लपता उघड्यावर उभा आहे.

माहूर हे नांदेड जिल्ह्याच्या उत्तर टोकाला, पैनगंगेच्या अलीकडे वसलेले तालुक्याचे गाव. साडेतीन शक्तिपीठांपैकी एक असलेले रेणुकामातेचे मंदिर, दत्तशिखर आणि अनसूयामातेचे शिखर यांमुळे तेथे वर्षभर भाविकांची ये-जा असते, आणि नवरात्रात व दत्तजयंतीला तर गर्दीला सुमार राहत नाही. गावाची ही एक बाजू. दुसऱ्या बाजूला वाई बाजार, सारखणी, सिंदखेड अशी गावे आणि डोंगरउतारांवरचे बंजारा तांडे, गोंडांच्या वस्त्या, कोलामांचे पोड. बाजारासाठी, दवाखान्यासाठी, तहसिलीच्या कामासाठी तेथील माणसे माहूरला येतात आणि ऊन कलायच्या आत घरी परतण्याची त्यांना घाई असते. एकाच गावात असे दोन प्रकारचे प्रवासी उभे असतात. एक गडावर जाणारा, दुसरा तांड्यावर परतणारा.

मराठवाड्यातील तालुक्याच्या गावी ऑटो आणि जीप यांचा सारा व्यवहार ‘नंबर’ या एका शब्दावर चालतो. जो चालक आधी अड्ड्यावर आला त्याचा नंबर पहिला; त्याची गाडी भरून निघाली की मागचा पुढे सरकतो. या साध्या नियमात मोठे शहाणपण आहे. नंबर नसता तर प्रत्येक प्रवाशामागे दहा चालक धावले असते, सामानाची ओढाताण झाली असती, दांडगटाला भाडी मिळाली असती आणि वयस्कर किंवा भिडस्त चालक दिवसभर उपाशी बसला असता. गाडीचा हप्ता सर्वांनाच भरायचा असतो. नंबरामुळे भाकरीचे भांडण रस्त्यावर येत नाही. अड्ड्यावर असे शांततेने मिळणारे काम ही समाजाची लहानशी मिळकत नव्हे.

असे असताना खोट कोठे येते? सर्व भाडी सारखी असती तर ती आलीच नसती. प्रत्यक्षात एक भाडे गडावरचे असते. पाच-सहा भाविक, ठरलेला दर, वर थांबण्याचे पैसे आणि परतीची खात्री. दुसरे भाडे तांड्यावरचे असते. पाठीशी धान्याचे पोते घेतलेली एकटीच वृद्धा, कच्चा रस्ता आणि येताना रिकामी गाडी. पहिल्या नंबरासाठी तीन तास थांबलेल्या चालकापुढे ही वृद्धा येऊन उभी राहिली तर तो काय विचार करील? हे भाडे घेतले की तीन तासांची प्रतीक्षा चाळीस रुपयांत संपली आणि परतल्यावर पुन्हा शेवटचा नंबर. म्हणून तो म्हणतो, “मावशी, मागच्या ऑटोत विचारा.” मागचाही मागे बोट दाखवितो. चालकांमध्ये न्याय राखणारी व्यवस्था त्या म्हातारीला मात्र उन्हात उभी ठेवते, आणि गंमत अशी की त्यात एकाही चालकाने नंबर मोडलेला नसतो.

१९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या १७८ व्या कलमाने भाडे नाकारणाऱ्या चालकाला दंड सांगितला आहे. दंड असावा यात संशय नाही. पण दंडाने प्रश्नाचे मूळ उपटले जात नाही. दंडाच्या भयाने जो चालक म्हातारीला नेतो त्याचे तीन तास बुडायचे ते बुडतातच. फरक इतकाच की बोजा एका दुबळ्या खांद्यावरून दुसऱ्या दुबळ्या खांद्यावर गेला.

आता कार्यक्षमतेची बाजूही निर्मळ मनाने ऐकली पाहिजे. पिठाच्या गिरणीचे उदाहरण घेऊ. एकाचे वीस किलो दळण पुढे आहे आणि त्याच्यामागे दोघांचे दोन-दोन किलोचे डबे आहेत. किलोला एक मिनिट लागते असे धरले तर आलेल्या क्रमाने पहिला वीस मिनिटांनी, दुसरा बावीस आणि तिसरा चोवीस मिनिटांनी घरी जाईल. तिघांची मिळून सहासष्ट मिनिटे गेली. लहान डबे आधी दळले तर दोघे दोन व चार मिनिटांत मोकळे होतील आणि मोठ्या दळणाचा धनी चोवीस मिनिटांनी. एकूण तीस मिनिटे. एकट्याने चार मिनिटे अधिक सोसली आणि दोघांची चाळीस मिनिटे वाचली. गावातली माणसे हे गणित न शिकताही जाणतात, म्हणून तर मोठ्या दळणाचा धनी “घ्या, तुमचं आधी घ्या” असे आपणहून म्हणतो. पण लहान डब्यांची रीघ थांबलीच नाही तर? मग त्या उदार माणसाचे दळण दिवेलागणीपर्यंत तसेच राहील. सरासरी उत्तम आणि एक माणूस उपाशी, अशी ही स्थिती आहे.

रांगेचे शास्त्र १९०९ साली कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या आग्नर एर्लांग या डॅनिश गणितज्ञाने सुरू केले. किती लोक दूरध्वनीच्या प्रतीक्षेत असतील, किती वेळ थांबतील, किती तारा पुरतील, हे त्याचे प्रश्न होते. त्या शास्त्राने जगाचे पुष्कळ कल्याण केले. तथापि ‘किती’ या प्रश्नाच्या उत्तरात ‘कोण’ हा प्रश्न विरघळून जातो, हे ध्यानात ठेवले पाहिजे. सरासरीला चेहरा नसतो. गिरणीत उभ्या असलेल्या माणसाला तो असतो.

मोबाईलच्या व्यवस्थेने नंबराची जागा घेतली तेव्हा नंबराची जुनी खोटही तिच्यासोबत आली. विमानतळासारख्या ठिकाणी, जेथे शेकडो गाड्या वाट पाहत असतात, तेथे या कंपन्यांनाही ‘आधी आला त्याला आधी’ हाच नियम ठेवावा लागला. आणि तेथेही माहूरच्या अड्ड्यासारखेच घडले. पुढचा चालक जवळचे भाडे नाकारून लांबच्या भाड्याची वाट पाहू लागला. नाकारलेली मागणी एका चालकाकडून दुसऱ्याकडे फिरत राहिली आणि प्रवासी कंटाळून निघून गेला. आपल्या शहरांतील प्रवाशांनाही हा अनुभव नवा नाही. चालक भाडे स्वीकारतो, मग दूरध्वनी करून “कुठं जायचंय?” असे विचारतो आणि उत्तर ऐकून फेरी रद्द करतो. यंत्र बदलले, “मागच्या ऑटोत विचारा” हे वाक्य मात्र टिकून राहिले.

अलीकडच्या काही वर्षांत अमेरिकेतील संशोधकांनी शिकागो शहराने प्रसिद्ध केलेल्या फेऱ्यांच्या माहितीच्या आधारे या दुखण्यावर एक उपाय सुचविला आहे. त्याचे सार असे. रांगेचे गट पाडावेत. प्रत्येक फेरी प्रथम पुढच्या गटातील कोणाही एकाला चिठ्ठी टाकल्याप्रमाणे देऊ करावी. त्याने नाकारली तर पुढच्या गटातील प्रत्येकाला विचारीत न बसता ती थेट मागच्या गटाकडे जावी. अशाने जो फार वेळ थांबला त्याला लांबचे भाडे मिळते आणि जो नुकताच आला तो थोड्या प्रतीक्षेच्या मोबदल्यात जवळचे भाडे आनंदाने घेतो. ज्याने जितका वेळ दिला त्याला तितके फळ. प्रवासीही खोळंबत नाही. सॅन फ्रान्सिस्कोच्या विमानतळावर टॅक्सीवाल्यांसाठी याहून साधी युक्ती आहे. जवळची फेरी करून ठरलेल्या वेळेत परतणाऱ्याला पुन्हा रांगेच्या शेपटाला उभे राहावे लागत नाही. माहूरच्या भाषेत सांगायचे तर त्याचा नंबर शाबूत राहतो.

या युक्त्यांत आम्हाला एक नैतिक सत्य दिसते. कार्यक्षमता आणि न्याय हे जन्माचे वैरी नाहीत. चालक भाडे नाकारतो तेव्हा तो दुष्ट असतो असे नव्हे. नियमाने त्याला चांगुलपणाची फार मोठी किंमत लावलेली असते. नियम बदलला आणि ती किंमत कमी झाली की तोच माणूस म्हातारीचे पोते आपल्या हाताने गाडीत ठेवतो. सद्गुणाचा उपदेश करणाऱ्यांनी, आणि त्यांत आम्ही धर्मगुरूही आलो, हे विसरता कामा नये. माणसाला चांगले वागणे परवडावे अशी व्यवस्था उभारणे हेही नीतीचेच कार्य आहे.

ॲरिस्टॉटलने आपल्या नीतिशास्त्राच्या पाचव्या भागात न्यायाचा विचार करताना एक सुंदर दृष्टान्त योजला आहे. लेस्बॉस बेटावरील गवंडी शिशाची मोजपट्टी वापरीत. ती लोखंडासारखी ताठ नसे. दगडाच्या आकाराप्रमाणे ती वाके आणि म्हणूनच तो दगड नीट मोजता येई. सामान्य नियम सर्व प्रसंगांना पुरत नाही. जेथे तो अपुरा पडतो तेथे नियमकर्त्याच्या हेतूला धरून त्याला वळविणे हा न्यायाचाच उच्चतर प्रकार होय, असे तो मानतो. संत थॉमस अक्वायनस यांनी हाच विचार पुढे नेऊन त्याला सद्गुणांच्या मालिकेत बसविले. येथे एक सावधगिरी मात्र हवी. पट्टी दगडासाठी वाकावी, गवंड्याच्या सोयीसाठी नव्हे. दवाखान्याच्या रांगेत प्रसूतिवेदनांनी कळवळणारी स्त्री आली तर सारी रांग बाजूला होते आणि कोणालाही अन्याय झाल्यासारखे वाटत नाही. पुढाऱ्याच्या चिठ्ठीने कोणी आत गेला की तीच रांग चिडते. पहिल्या वेळी नियम गरजेपुढे वाकला, दुसऱ्या वेळी वशिल्यापुढे. निरक्षर माणसालाही यांतील भेद शिकवावा लागत नाही.

गर्दीच्या वेळी दर वाढविण्याची जी पद्धत मोबाईलच्या व्यवस्थेत आहे, तिची परीक्षाही याच कसोटीवर व्हावी. दर वाढला की अधिक चालक रस्त्यावर येतात आणि वाहने वाढतात, हे खरे. परंतु वाहने येईपर्यंत रांगेतील क्रम थैली ठरविते. रांगेत आपण वेळ मोजतो आणि दिवसाचे चोवीस तास राजा-रंकांना सारखेच मिळालेले असतात. पैशाची गोष्ट तशी नाही. केंद्र सरकारने २०२० च्या मार्गदर्शक तत्त्वांत वाढीव दराला मूळ दराच्या दीडपटीची मर्यादा सुचविली होती, ती बहुधा याच जाणिवेने. उलट बाजूने हेही कबूल केले पाहिजे की वेळ ही गरिबाला फुकट मिळालेली वस्तू नव्हे. रोजंदारीवरच्या बाईची अड्ड्यावर अर्धा दिवस खोटी झाली तर तिचा अर्ध्या दिवसाचा रोज बुडाला. म्हणून रांग लांबविणारी अकार्यक्षमताही गरिबालाच लुटते. जो न्यायाचे नाव घेऊन सुस्त व्यवस्थेचे समर्थन करतो त्याने हे लक्षात घ्यावे.

मत्तयकृत शुभवर्तमानाच्या विसाव्या अध्यायातील द्राक्षमळ्याच्या धन्याचा दृष्टान्त वाचकांना परिचित आहे. तो आम्हाला अड्ड्यावर नेहमी आठवतो. दिवस मावळायला एक तास उरला असता धनी बाजारात जातो तेव्हा काही मजूर अजून उभेच असतात, कारण त्यांना कोणी कामावर लावलेले नसते. धनी त्यांनाही दिवसभराचा रोज देतो. यावर अन्यायाची ओरड होते. परंतु दिवसभर काम न मिळता उभे राहणे हाही एक भार आहे, हे त्या ओरडणाऱ्यांच्या ध्यानी आले नव्हते. या दृष्टान्तावरून जॉन रस्किन यांनी आपल्या १८६२ सालच्या ग्रंथाचे शीर्षक घेतले. तो ग्रंथ गांधीजींनी १९०४ साली जोहान्सबर्ग ते दरबान या आगगाडीच्या प्रवासात वाचला आणि पुढे त्याचा सारांश ‘सर्वोदय’ या नावाने गुजरातीत दिला. शेवटच्या माणसाचा विचार अशा प्रकारे पॅलेस्टाईनच्या बाजारातून आपल्या देशाच्या राजकारणात आला.

त्याच्या जोडीला योहानकृत शुभवर्तमानाचा पाचवा अध्याय ठेवावा. बेथेस्दाच्या तळ्याकाठी एक रुग्ण अडतीस वर्षांचा आजार घेऊन पडला आहे. पाणी हालले की जो प्रथम उतरेल तो बरा होतो, अशी तेथल्या लोकांची समजूत. नियम स्पष्ट होता, कोणी वशिला लावीत नव्हते. पण ज्याला चालता येत नाही त्याच्या दृष्टीने त्या नियमाचा अर्थ ‘तू कधीच नाही’ असा होता. प्रत्येक वेळी कोणीतरी त्याच्या आधी उतरे. येशूने त्या तळ्यावरची व्यवस्था सुधारली नाही; ज्याची पाळी येणे शक्यच नव्हते त्याच्याकडे तो आधी गेला. ‘जो आधी आला त्याला आधी’ हा नियम सर्वांना सारखे पाय आहेत असे गृहीत धरतो. तांड्यावरच्या म्हातारीला ते पाय नाहीत.

आणि येथेच गणिताची सीमा लागते. शिकागोच्या युक्तीने जवळचे भाडे मागच्या गटाकडे जाईल. पण कच्च्या रस्त्यावरचे, परतीचे भाडे नसलेले, पोत्याचे भाडे रांगेतल्या शेवटच्या चालकालाही नको असेल तर? गणित फेऱ्यांची वाटणी उत्तम करील. जी फेरी कोणालाच नको तिचा भार कोणी उचलावा, हे ते सांगू शकत नाही. ते सर्वांनी मिळून ठरवावे लागते. आपल्या राज्याने असा निर्णय पूर्वी केलेला आहे. १ जून १९४८ रोजी पुणे-अहमदनगर मार्गावर धावलेल्या पहिल्या गाडीपासून एस.टी. वाढत गेली आणि तिने ‘गाव तेथे एस.टी.’ हे ब्रीद घेतले. त्या ब्रीदाचा अर्थच असा की शेवटच्या गावाची फेरी नफ्याच्या तागडीत तोलायची नाही. तिचा तोटा सर्वांनी सोसायचा. २०२१-२२ च्या प्रदीर्घ संपात गाड्या थांबल्या तेव्हा खेडोपाडीच्या माणसांना खासगी वाहनांच्या मर्जीवर राहावे लागले. सामायिक बंधन सैल झाले की पहिला फटका रांगेतल्या कोणत्या माणसाला बसतो, हे तेव्हा दिसून आले.

राज्याने केले ते लहान प्रमाणावर अड्डाही करू शकतो. त्याला यंत्र लागत नाही. जवळचे किंवा अडचणीचे भाडे नेणाऱ्याचा नंबर परतेपर्यंत राखून ठेवावा. जे भाडे कोणालाच नको ते पाळीपाळीने सर्वांनी न्यावे, म्हणजे आज माझा तोटा, उद्या तुझा. आजारी, गरोदर आणि वृद्ध प्रवाशाला नंबराची अट नसावी. आणि हे नियम सर्वांच्या देखत, अड्ड्यावरच्या फळ्यावर लिहिलेले असावेत. शेवटची गोष्ट आम्हाला फार मोलाची वाटते. अड्ड्यावर नंबर चुकला तर चालक भांडू शकतो. चार जण साक्षीला असतात. मोबाईलच्या व्यवस्थेत आपल्याला हे भाडे का मिळाले, शेजाऱ्याला ते का मिळाले, हे चालकाला कळत नाही आणि विचारायचे कोणाला हेही ठाऊक नसते. न्याय झाला एवढे पुरेसे नाही. ज्याच्या बाबतीत तो झाला त्याला तो तपासता आला पाहिजे. यंत्रे चालविणाऱ्या कंपन्यांकडे आणि त्यांच्यासाठी नियम करणाऱ्या शासनाकडे समाजाने एवढे मागणे मागावे, ते रास्तच होईल.

आमच्या वाचकांत प्रवासी आहेत तसे चालकही आहेत आणि काही जण चालक-मालक संघटनांतही काम करतात. पुढच्या बैठकीत हप्ते, दर आणि परवाने यांची चर्चा होईलच. तिच्या शेवटी त्यांनी एवढा एकच प्रश्न मांडावा: काल आपल्या अड्ड्यावरून सर्वांत उशिरा घरी गेलेला प्रवासी कोण होता, आणि त्याला आपल्यापैकी कितीजणांनी मागच्या गाडीकडे बोट दाखविले? उत्तर प्रामाणिकपणे मिळाले तर कोणता नियम बदलावा हे ठरविण्यास फार वेळ लागणार नाही.